जुन्या पिकअपचं ॲव्हरेज वाढवायचंय? आधी वही उघडा

सदर : घरचा हिशेब

नवरात्र संपून दिवाळीची आवराआवर सुरू झाली, की आमच्या घरात दोन गोष्टी बाहेर निघतात. एक म्हणजे माळ्यावरचे डबे आणि दुसरी वर्षभराच्या हिशेबाची वही. गेल्या वर्षी डबे घासून झाले, पण वहीपाशी सगळे अडले. डिझेलच्या रकान्याची बेरीज किराण्याच्या तिप्पट निघाली होती.

आमची पिकअप १३ वर्षांची आहे. टोमॅटोच्या दिवसांत पिंपळगाव बसवंतहून माल भरायचा, सापुताऱ्याच्या घाटाने सुरतेला उतरवायचा आणि परत यायचं, हे तिचं काम. इतर दिवसांत आसपासची भाडी. गाडी माझे धाकटे दीर चालवतात. बेरीज ऐकून ते म्हणाले, “वहिनी, ही गाडी आता नुसतं डिझेल पिते. काढून टाकू, नवीन घेऊ.”

सासूबाईंनी तिथल्या तिथे विचारलं, “नवीन म्हणजे पुन्हा पाच वर्षं हप्ते ना? आणि पोरीच्या कॉलेजचं काय?”

मी एकच प्रश्न विचारला, “लीटरला किती देते आपली गाडी?”

भावजी म्हणाले, अकरा-बारा. हे म्हणाले, पूर्वी चौदा द्यायची. मोठा मुलगा म्हणाला, नऊसुद्धा देत नसेल. तीन माणसं, तीन आकडे आणि खरा आकडा कुणालाच माहीत नाही. ज्या गाडीवर घर चालतं, तिच्याबद्दल आम्ही एवढेही अंधारात होतो.

म्हणून या वेळचा हिशेब जुन्या पिकअपचा. तुम्ही नाशिकला असा, इंदूरला, बडोद्याला, बेळगावला की रायपूरला. तुमच्या दारात जुनी पिकअप, छोटा हत्ती किंवा तशीच एखादी मालवाहू गाडी उभी असेल, तर हे तुमच्यासाठीच आहे. आणि गाडी तुम्ही चालवत नसाल, फक्त घर चालवत असाल, तर जास्तच.

आधी मोजा, मग बोला

आपल्याकडे डिझेल लीटरने नाही, रुपयांनी भरतात. “हजाराचं टाक,” “दोन हजाराचं टाक.” अशाने ॲव्हरेज कधीच कळत नाही, कारण टाकीत आधी किती होतं ते कुणी मोजलेलं नसतं.

पद्धत सोपी आहे. एका पंपावर टाकी फुल्ल करा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबा, काठोकाठ भरायचा हट्ट नको. मीटरचा आकडा वहीत लिहा. गाडी नेहमीसारखी चालवा. पुढच्या वेळी त्याच पंपावर, गाडी तशीच सपाट जागी उभी करून पुन्हा फुल्ल करा. दोन आकड्यांमधले किलोमीटर भागिले आता लागलेले लीटर, हे तुमचं खरं ॲव्हरेज. एका टाकीवर विश्वास ठेवू नका. तीन टाक्यांची सरासरी काढा, कारण एखादी फेरी भरलेली असते, एखादी रिकामी.

टायरची साइज कधी बदलली असेल, तर मीटरचे किलोमीटरही चुकतात. मोबाइलच्या नकाशावर एकदा ५० किलोमीटर ताडून पाहा. पंपाच्या मापाची शंका असेल, तर तिथेच ५ लीटरच्या शिक्क्याच्या मापात डिझेल काढून दाखवायला सांगा. प्रत्येक पंपावर ते माप ठेवावं लागतं आणि ते मागणं हा तुमचा हक्क आहे. भांडण न करता, शांतपणे मागा.

आमच्या तीन टाक्यांची सरासरी निघाली १०.४. महिन्याला साधारण २६०० किलोमीटर होतात, म्हणजे २५० लीटर. डिझेल ९० रुपये धरलं तर २२,५०० रुपये. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला. मग ठरवलं, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा मोजायचं. सगळं एकदम बदललं, तर कशाने फरक पडला हे कळत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा सगळ्यावर खर्च होतो.

चाकांपासून सुरुवात

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती म्हणजे हवा. आमच्याकडे टायरवर पाना मारून, आवाज ऐकून हवा ‘बरोबर’ ठरवत असत. मालवाहू टायरची बाजू इतकी जाड असते, की हवा बरीच कमी झाली तरी डोळ्यांना किंवा कानाला कळत नाही. आपल्याला जाणवतं तेव्हा टायर जवळपास बसलेला असतो. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, तापतो, आणि त्याला पुढे ढकलायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो.

दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात पुढच्या आणि मागच्या चाकांची हवा वेगवेगळी दिलेली असते. भरलेल्या गाडीला मागे जास्त लागते. सकाळी गाडी निघायच्या आधी, टायर थंड असताना मोजा. तापलेल्या टायरमध्ये हवा जास्त दिसते. साधं मापक घरातच ठेवा आणि आठवड्यातून एकदा चारही चाकं आणि स्टेपनी तपासा. हवेने ॲव्हरेज दुप्पट होत नाही, फरक थोडाच पडतो. पण तो रोज पडतो आणि टायरही जास्त टिकतो.

दुसरी गोष्ट ब्रेकची. १०-१५ किलोमीटर सपाट रस्त्यावर, फार ब्रेक न मारता चालवून थांबा. हात न लावता, फक्त तळवा जवळ नेऊन प्रत्येक चाकाच्या मध्यभागाची धग पाहा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल, तर त्याचा ब्रेक पूर्ण सुटत नाहीये किंवा बेअरिंग खराब आहे. आमचं मागचं डावं चाक असंच निघालं. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती. म्हणजे कितीतरी महिने आम्ही एका चाकाला ब्रेक लावून सुरतेला जात होतो!

तिसरी गोष्ट, पुढच्या टायरवरून आतून बाहेर आणि बाहेरून आत हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं, तर अलाइनमेंट बिघडलं आहे. चाकं सरळ न पळता थोडी घासत पळतात, टायरही जातो आणि डिझेलही.

हवा आणि ब्रेक एवढ्यावर आमची पुढची सरासरी १०.९ आली.

धूर काय सांगतो?

जुन्या डिझेल गाडीचा धूर ही तिची तक्रार असते. फक्त रंग ओळखता आला पाहिजे.

काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही. एक तर हवा कमी मिळते आहे किंवा डिझेल जास्त पडतं आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतं आहे. सकाळी थंडीत सुरू करताना थोडा पांढरा धूर चालतो, पण इंजिन तापल्यावरही तो थांबत नसेल तर मिस्त्रीला दाखवा.

काळ्या धुराला पहिला उपाय एअर फिल्टर. जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात फिल्टर चोंदला, की हवा कमी जाते पण डिझेल तेवढंच पडतं. ते न जळता धुरातून बाहेर जातं. नव्या, कॉम्प्युटरवाल्या इंजिनात ॲव्हरेजवर इतका परिणाम दिसत नाही, पण गाडीची ओढ कमी होते आणि मग आपणच पाय जास्त दाबतो. शेतरस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या अंतराआधीच तपासा. हवा मारायची झाली तर आतून बाहेर, बेताच्या दाबाने. कागद फाटला किंवा काळाकुट्ट झाला असेल, तर नवीनच टाका. फाटक्या फिल्टरमधून गेलेली धूळ इंजिनाचे लाइनर खाते.

डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात तर तो न विसरता उघडून साचलेलं पाणी काढायचं. पाणी पंपात आणि नोझलमध्ये गेलं तर दुरुस्ती महाग पडते.

यानंतरही काळा धूर येत असेल, तर नोझल तपासून घ्या. नोझलने डिझेल बारीक धुक्यासारखं उडवायला हवं. झिजलेली नोझल थेंब गाळते, आणि थेंब नीट जळत नाहीत. हे काम साध्या गॅरेजमध्ये नाही, डिझेल पंप आणि नोझलची मशीन असलेल्या माणसाकडेच करा. आणि त्याला एक प्रश्न नक्की विचारा, “पंपाचं डिझेल कुणी वाढवलंय का?” ओढ मिळावी म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून घेण्याची पद्धत जुनी आहे. गाडी जोरात पळते आणि मागे काळी शेपटी सोडत जाते. ती शेपटी म्हणजे आपलेच पैसे.

काढून टाकलेला थर्मोस्टॅट

हे मला सगळ्यात नवीन होतं, म्हणून सविस्तर सांगते.

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा कधी वर यायचाच नाही. भावजींना त्याचा अभिमान होता, “आपली गाडी कधी तापत नाही.” नव्या मिस्त्रीने काटा पाहिला आणि म्हणाला, “हिचा थर्मोस्टॅट काढलेला असणार.” उघडून पाहिलं तर खरंच जागा रिकामी.

थर्मोस्टॅट म्हणजे एक छोटा झडपेसारखा भाग. इंजिन थंड असताना तो पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर तापतं. ठरावीक तापमानाला, साधारण ८० अंशांच्या पुढे, तो उघडतो. एखाद्या उन्हाळ्यात गाडी तापली, की काही ठिकाणी तो सरळ काढून फेकतात. मग पाणी सतत फिरतं आणि इंजिन कायम थंडगार राहतं. पण थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, ऑइल घट्ट राहतं, झीज वाढते. म्हणजे इंजिन ‘न तापणं’ हे कौतुक नसून दुखणं आहे.

आमच्या गाडीचं मूळ दुखणं होतं आतून चोंदलेला रेडिएटर. कधीतरी तो साफ करायच्या ऐवजी थर्मोस्टॅट काढला गेला होता. आम्ही रेडिएटर साफ करून घेतला, नवा थर्मोस्टॅट बसवला, नुसत्या पाण्याऐवजी कूलंट भरलं. फिल्टरही बदलले. पुढच्या तीन टाक्यांची सरासरी ११.३.

इथेच एक इशारा. काटा मधल्या खुणेच्या वर सरकायला लागला तर ताबडतोब बाजूला थांबा. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं.

अगरबत्ती आधी, चावी नंतर

आता फुकटातली बचत. यात पैसा लागत नाही, सवय लागते.

सकाळी भावजी गाडी सुरू करायचे, मग अगरबत्ती, मग चहा, मग ताडपत्रीच्या दोऱ्या. तोवर इंजिन चालूच. गाडीला असं उभ्या-उभ्या तापवायची गरज नसते. अर्धा-एक मिनिट पुरे, पुढचे दोन-तीन किलोमीटर हळू चालवलं की ती चालता चालता तापते. आता क्रम बदलला आहे. अगरबत्ती आधी, चावी नंतर.

बाजार समितीच्या गेटवर रांग, माल उतरवताना इंजिन चालू, रेल्वे फाटकात चालू. अशा पिकअपचं डिझेल इंजिन नुसतं उभं राहून तासाला साधारण अर्धा लीटर खातं. रोज एक तास धरला, तर महिन्याच्या २६ दिवसांत १३ लीटर जागेवरच संपतात. एक अपवाद लक्षात ठेवा. टर्बोवाली गाडी चढ चढून किंवा भरधाव येऊन थांबली असेल, तर मिनिटभर चालू ठेवून मग बंद करा. टर्बोचं ऑइल एकदम थांबू नये म्हणून.

वेगाचा हिशेब तर मुलीने शाळेच्या पुस्तकातून करून दिला. वेग दुप्पट झाला, की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. ७५ ऐवजी ६० च्या वेगाने चाललं, तर वाऱ्याचा विरोध एक तृतीयांशाहून जास्त कमी होतो. आणि पिकअपचा आकार काही सुरीसारखा नसतो, ती कपाटासारखी वारा ढकलत जाते. वेळ किती जातो? १०० किलोमीटरला ७५ ने ८० मिनिटं, ६० ने १०० मिनिटं. वीस मिनिटांचा फरक. आणि तोही पुढच्या फाटकात किंवा टोलवर बऱ्याचदा भरून निघतो.

गिअर वेळेवर बदला. डिझेल इंजिनाचा जोर खालच्या फेऱ्यांतच असतो, उगाच किंचाळेपर्यंत ओढू नका. पण गाडी थरथरायला लागली आणि काळा धूर सोडू लागली, तर तिला खालचा गिअर द्या. मोठ्या गिअरमध्ये रडवत नेणं ही बचत नाही. क्लचवर पाय टेकवून चालवायची सवय असेल तर ती मोडा. क्लच प्लेट घसरायला लागली, की इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी मात्र तिथेच.

समोर सिग्नल लाल दिसतोय, तर पाय आधीच काढा. ब्रेक मारून वाया घालवलेला प्रत्येक वेग आपण डिझेलने विकत घेतलेला असतो.

हौद्यात काय काय पडलंय?

एका रविवारी आम्ही हौदा आणि केबिन रिकामं केलं. दोन जुने टायर, तुटलेली लोखंडी जाळी, भिजून जड झालेली फाटकी ताडपत्री, कुठल्याशा भाड्याच्या विटा. अनेक महिने आम्ही हे फुकट फिरवत होतो. जॅक, पाना, स्टेपनी आणि घाटात चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा एवढंच परत ठेवलं.

ताडपत्री ताणून बांधा. फडफडणारी ताडपत्री वारा धरते, आवाज करते आणि फाटतेही.

आणि जादा माल? आमच्याकडे टोमॅटोची एक जाळी २० किलोची. “दहा जाळ्या जास्त घे रे” म्हणजे २०० किलो. तुमच्या आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि माल भरल्यावरचं एकूण वजन, दोन्ही लिहिलेली असतात. त्यातला फरक हीच तुमची मर्यादा, आणि त्यात चालक आणि सोबत्याचं वजनही आलं. पाटे वाढवून घेतले म्हणून मर्यादा वाढत नाही, कारण ब्रेक, एक्सल आणि टायर तेच असतात.

उलट खरी बचत परतीच्या फेरीत आहे. रिकामी गाडी भरलेल्या गाडीइतकं डिझेल खात नाही, पण कमाईही करत नाही. परतीचं अर्धं भाडं जरी मिळालं, तरी तो फायदा कुठल्याही फिल्टरपेक्षा मोठा असतो. एक फोन आधी करून ठेवायला काय जातं?

घाटातला न्यूट्रल

आता ते सांगते, ज्यासाठी हा हिशेब लिहायला बसले.

वहीवर सगळे बसलेले असताना भावजी सहज बोलून गेले, “मी तर डिझेल वाचवायला सापुताऱ्यावरून वघईकडे उतरताना न्यूट्रलच करतो. कधी कधी इंजिनही बंद.” माझी धाकटी जाऊ पीठ मळत होती. तिचे हात थांबले. “आणि मागच्या महिन्यात ब्रेकचा जळका वास आला होता म्हणालात, तो तेव्हाच ना?” भावजी काही बोलले नाहीत.

भरलेली गाडी, वळणांचा उतार आणि गिअर न्यूट्रलमध्ये. म्हणजे गाडीचं सगळं वजन फक्त ब्रेकवर. सतत दाबून ब्रेक तापतात, आणि फार तापले की धरत नाहीत. पेडल दाबलेलं असतं, गाडी थांबत नाही. इंजिन बंद केलं असेल तर आणखी वाईट. ब्रेकला आणि पॉवर स्टेअरिंगला मिळणारी मदत इंजिनाकडूनच येते. ती संपली की पेडल दगडासारखं होतं, स्टेअरिंग जड होतं, आणि चावी पूर्ण फिरली तर स्टेअरिंग लॉकही पडू शकतं.

आणि गंमत म्हणजे यात डिझेल वाचतच नाही. गाडी गिअरमध्ये उतरत असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की पंप डिझेल तोडतो. जुना मेकॅनिकल पंप असो की नवा कॉम्प्युटरवाला, उतारावर चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला चालू राहायला स्वतःचं डिझेल लागतं. म्हणजे न्यूट्रल करून आपण थोडं डिझेल जास्तच घालवतो आणि वर जीव पणाला लावतो.

ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे. इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं आणि ब्रेक वळणासाठी शिल्लक राहतात.

तुमच्या घरातलं कुणी घाटात गाडी घालत असेल, तर आज रात्री जेवताना एवढा एक प्रश्न विचारा, “उतारावर न्यूट्रल करता का?” रागावून नको, सहज विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर हा परिच्छेद वाचून दाखवा. बाकी सगळा लेख विसरलात तरी चालेल.

चमत्कारांपासून लांब

डिझेलच्या पाइपवर लावायचं चुंबक, टाकीत टाकायची गोळी, ‘३० टक्के बचत’ लिहिलेली डबी. मोबाइलवर अशा जाहिराती सारख्या दिसतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, अशी शंभराहून जास्त उपकरणं तपासली, आणि ठळक बचत करणारं त्यात काही सापडलं नाही. एवढी सोपी गोष्ट असती तर गाडी बनवणाऱ्यांनीच ती कारखान्यात बसवली नसती का?

डिझेलमध्ये रॉकेल मिसळणं हा तर बेकायदा आणि महागात पडणारा उद्योग. डिझेल हेच पंपाचं वंगण असतं. रॉकेलला तेवढा बुळबुळीतपणा नसतो, म्हणून पंप आणि नोझल झिजतात. लीटरमागे वाचलेले रुपये एकाच दुरुस्तीत निघून जातात.

आपल्याकडे पेट्रोलियम मंत्रालयाची पीसीआरए ही संस्था इंधन बचतीवर काम करते. तिचा सल्लाही साधाच असतो. मध्यम वेग, योग्य हवा, वेळेवर देखभाल, थांबलात की इंजिन बंद. कंटाळवाणा आहे, पण खरा आहे.

विकायची की ठेवायची?

उजव्या पायाच्या सवयी बदलायला दोन महिने लागले. आता आमची सरासरी ११.८ आहे. २६०० किलोमीटरला २५० ऐवजी २२० लीटर. महिन्याला ३० लीटर, म्हणजे २७०० रुपये. वर्षाचे ३२,४००. दुरुस्तीचा खर्च वजा जाता पहिल्या वर्षी हातात कमी राहतील, हेही वहीत लिहिलं आहे. आणि हे म्हणतात ते पूर्वीचे चौदा काही परत आले नाहीत. खरं तर तेव्हा कुणी मोजलंच नव्हतं.

नव्या गाडीचा हिशेबही मांडला. १० टक्के व्याजाने ८ लाखांचं कर्ज ५ वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता महिन्याला जवळपास १७,००० रुपये. नवी गाडी लीटरला १४ देईल असं धरलं, तरी जुन्या १०.४ च्या तुलनेत डिझेल वाचतं महिन्याला ६४ लीटर, म्हणजे ५८०० रुपयांच्या आसपास. आताच्या ११.८ शी तुलना केली तर ३१०० च. फक्त डिझेल वाचेल म्हणून नवी गाडी घेणं, हा हिशेब बसत नाही.

पण जुनी गाडी कायम धरून ठेवा असं मी म्हणत नाही. चॅसी गंजली असेल, इंजिन ऑइल पीत असेल, ब्रेकवर भरवसा नसेल, दरवर्षीच्या पासिंगला अडत असेल किंवा महिन्यातून चार दिवस गॅरेजात उभी राहत असेल, तर ती काढायची वेळ झाली आहे. तेव्हा ॲव्हरेजचा नाही, माणसाचा हिशेब करायचा.

तुमच्या वहीचं पान

पहिला आठवडा : टाकी फुल्ल करा, मीटर लिहा, हौदा रिकामा करा.

दुसरा आठवडा : थंड टायरची हवा, चाकांची धग, टायरवरून हात.

तिसरा आठवडा : एअर फिल्टर, डिझेल फिल्टरचं पाणी, धुराचा रंग, तापमानाचा काटा.

चौथा आठवडा : वेग ६० च्या आसपास, उभी गाडी बंद, घाटात गिअर.

मग पुन्हा मोजा. आणि हे मोजण्याचं काम घरातल्या एखाद्या मुलाकडे द्या. आमच्याकडे ते आता मुलीकडे आहे. गाडी आली की ती आधी “मीटर किती?” विचारते. भावजी कुरकुरतात, पण आकडा सांगतात.

मागच्या आठवड्यात सुरतेहून रात्री उशिरा आले. मुलीने आकडा लिहून घेतला. माझ्या जावेने ताट वाढता वाढता वेगळंच विचारलं, “घाट कशात उतरलात?”

“दुसऱ्यात,” भावजी म्हणाले.

वहीत त्याच्यासाठी रकाना नाही. पण तिने विचारायचं सोडलेलं नाही.